इनासबाब आणि सड्यावरचा व्हॉल्व्ह

संध्याकाळी सहाच्या सुमारास इनासबाब आमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले की आम्ही ओळखायचो, आज हा माणूस कुणाशी तरी भांडलेला आहे. डोक्यावरची टोपी काढून ते विचारायचे, "बाय, आयज सूर्य कितल्याक बुडटा गे?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगायची, सहा एकेचाळीस. मग ते घड्याळाकडे बघत मनातल्या मनात अंतर मोजायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. सूर्य मावळायच्या आत भांडण मिटवायचं, हा त्यांचा नियम होता.

इनासबाब पाणीखात्याचे व्हॉल्व्हमन. गोव्यातल्या आमच्या चोपडे गावात कुठल्या वाड्याला केव्हा पाणी सोडायचं याचं वेळापत्रक मी करायची आणि खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते पाणी सोडायचे. पन्नाशी ओलांडलेले, काटक, आणि डोक्याने अत्यंत गरम. उन्हाळ्यात व्हॉल्व्हमनशी भांडण्यावाचून गावाचा एक दिवस जात नाही, त्यामुळे माफीची फेरी जवळजवळ रोजची. लोकही हुशार. त्यांचा शेजारी बाबलो मुद्दाम सव्वासहाला वाद उकरून काढायचा, कारण साडेसहाला इनासबाब केळ्यांचा घड घेऊन दारात येणार हे त्याला पाठ होतं.

एका पावसाळ्यात सलग चार दिवस सूर्य दिसला नाही. इनासबाबांना तेवढ्यात पळवाट दिसली. "चार दिस सूर्यूच ना. मागीर तो बुडलो अशें कशें म्हणप?" मी म्हटलं, ढग असोत नसोत, कॅलेंडरातली वेळ बदलत नाही. त्यांनी मोठा उसासा सोडला. "तुजें कॅलेंडर पाद्रीपरस कडक गे बाय," असं म्हणत छत्री उघडली आणि बाबलोकडे गेले.

दर रविवारी ते इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिसाला जात, आणि सोमवारी सकाळी पाद्रीच्या प्रवचनाचं त्यांच्या डोक्यात एक काम झालेलं असे. प्रवचन सगळ्या इगर्जीला उद्देशून असलं तरी ते आपल्या एकट्याच्याच नावाने आहे, अशी त्यांची खात्री. "काल पाद्रीन म्हाका दुयेंतांक भेटूंक सांगलां," असं म्हणून ते आजारी माणसांच्या घरी जायचे. एकदा तापाने पडलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना पाहताच उठून शिव्या घातल्या, कारण त्याच्या नळाला सकाळी पाणी आलं नव्हतं. इनासबाब खूश होऊन परतले. "बरो जालो तो. उठून बसलो!"

मी एकदा म्हटलं, "इनासबाब, तुम्ही फारच देवभोळे." त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "इगर्जेंत बरो मनीस जावप सोंपें गे. थंय कोण मदीं उलयना. कळटा तें नळार." इगर्जीत चांगलं वागणं सोपं, तिथे कुणी मध्ये बोलत नाही, माणूस कळतो तो नळावर.

ईस्टरच्या, आमच्याकडच्या पास्काच्या, आधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे कोरेज्मात, ख्रिस्ती माणसं काहीतरी सोडतात. कुणी मासे, कुणी मटण, कुणी दारू. इनासबाबांनी एका वर्षी शेवटचा शब्द सोडला. वादात समोरचा काहीही बोलला तरी त्यावर उत्तर द्यायचं नाही. चाळीस दिवस हा माणूस ओठ घट्ट मिटून, कानाच्या पाळ्या लाल करून चोपड्यात हिंडत होता. आम्हाला खरोखर काळजी वाटायला लागली होती. पास्काच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले, खुर्ची ओढली आणि चाळीस दिवसांत साठलेली सगळी उत्तरं एकामागून एक, कुणाला कुठलं त्या क्रमाने, आम्हाला ऐकवली. माझ्या वाट्याला सहा आली. त्यातलं एक मला अजून बोचतं: "लिस्ट तुजी बरी बाय, पूण पाण्याक वाचूंक येना."

त्यांचं ते बोलणं मी मनावर घ्यायला हवं होतं. मला कामं वेळेआधी संपवण्याची सवय. पाणी सोडल्याचं रजिस्टर रोज भरण्यात वेळ जातो म्हणून मी महिन्याच्या पहिल्याच दिवशी अख्खा महिना भरून ठेवायची. प्रत्येक वाड्यासमोर, प्रत्येक तारखेला, सुबक अक्षरात 'पाणी सोडले'. सोडणारे इनासबाब होते, त्यामुळे शंका घेण्याचं कारणच नव्हतं. एकोणीस वर्षं ते रोजंदारीवर होते आणि त्याच उन्हाळ्यात रोजंदारीच्या माणसांना कायम करण्याची यादी निघणार होती. ती यादीही मीच टाइप केली होती. इनासबाबांचं नाव तिसरं होतं.

त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचं, फिलूचं लग्न झालं. शनिवारी रोस, रविवारी लग्न. रोस म्हणजे नवरीला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालायचं. मी दोन्ही दिवस गेले होते. अंगणात मांडव, घरात पाहुण्यांची झुंबड, आणि मागच्या नळाला असं जोरदार पाणी की बादली डोळ्यांदेखत भरत होती. बायका फिलूवर तांब्यावर तांबे ओतत होत्या, मुंबईचे पाहुणे दोन-दोनदा आंघोळ करत होते. मी हात धुताना कौतुकाने म्हटलंसुद्धा, "वा इनासबाब, काय प्रेशर आहे!" ते कोट घालून घाम पुसत हसले.

सोमवारी सकाळी ते चावी घेऊन सड्यावर गेले. सडा म्हणजे गावावरचं उंच माळरान. तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये बेळगाव-कोल्हापूरकडची बांधकामावरची माणसं राहतात. त्यांचा व्हॉल्व्ह सगळ्यात वर, दीड किलोमीटर चढावर. खालचे व्हॉल्व्ह लग्नाच्या गडबडीतही इनासबाबांनी जाता-येता उघडले होते. वरचा मात्र दोन्ही दिवस साफ विसरले होते. आणि वर न चढलेलं पाणीच खाली जोराने आलं होतं.

पुढे काय झालं ते मला शांतव्वाने सांगितलं. ही बेळगावकडची, सातवी शिकलेली, त्या खोल्यांमधली पुढारी. दोन दिवस बायका नदीकाठच्या एका विहिरीवरून घागरी वाहत होत्या. इनासबाब रिकाम्या पिंपांसमोर टोपी काढून उभे राहिले आणि माफी मागायला लागले. आधी मराठीत, मग कोकणीत, मग दोन्हींत. शांतव्वा थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "अवो बाबा, माफी ऱ्हाऊ दे बाजूला. आदी कॉक फिरवा की! पोरं पारोशी हैत." इनासबाब पळत सुटले. पाणी आलं, पिंपं भरली, आणि मग त्यांनी राहिलेली माफी पहिल्यापासून पुन्हा मागितली. शांतव्वाने त्यांना चहा दिला.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण बायकांनी रविवारीच तक्रार लिहून तिचा फोटो पेडण्याच्या तालुका ऑफिसातल्या साहेबांच्या फोनवर पाठवला होता, आणि साहेब बुधवारी चौकशीला येणार होते.

मंगळवारी दुपारी इनासबाब माझ्या टेबलासमोर बसले. मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "काळजी करू नका. यात शनिवार, रविवार, दोन्ही दिवस पाणी सोडलेलं आहे. साहेब कागद बघतील आणि जातील."

त्यांनी रजिस्टर वाचलं. मग मला म्हणाले, "बाय, हांव खरें सांगतलों."

"अहो, यादीत तुमचं नाव तिसरं आहे! एकोणीस वर्षांनी!"

"खबर आसा." ते त्यांना ठाऊक होतं.

"आणि शांतव्वाने तुम्हाला माफ केलं ना? पाद्रीकडेही जाऊन आलात ना?"

"गेलों. पाद्रीनय माफ केलें. माफी मेळ्ळी ती म्हजी. तांचें खरें तांकां मेळूंक जाय मगो?"

बायकांचं खरं बायकांना मिळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते टोपी फिरवत पुढे म्हणाले, "हांव ओगी रावलों जाल्यार सड्यावेल्यो बायलो फटींग जातल्यो." फटींग म्हणजे खोटारडा; ते गप्प राहिले तर त्या बायका खोट्या ठरणार होत्या. "म्हज्या धुवेक त्या उदकान न्हाणयलां. आनी वयर तांकां फटींग करूं? कोणें तरी जावंकच जाय जाल्यार हांव जातां." त्या पाण्याने त्यांच्या लेकीला न्हाऊ घातलं होतं, आणि कुणीतरी खोटारडं ठरायचंच असेल तर ते स्वतः ठरणार होते.

मी चिडले होते, आणि कशाने ते मला नेमकं ठाऊक होतं. "तुमचं ठीक आहे. पण रजिस्टर माझ्या अक्षरात आहे. त्याचं काय?"

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. हा विचार त्यांनी केला होता आणि त्यावर उत्तर सापडलं नव्हतं, हे दिसत होतं. "तुजें नांव हांव घेवचो ना," ते हळू म्हणाले. "म्हजें तें हांव सांगतां. तुजें तें..." वाक्य तसंच सोडून ते उठले. दारातून वळून म्हणाले, "म्हाका राग येवंक ना हां तुजो." जणू रागावण्याचा हक्क त्यांचा होता! मला खरं तर तेव्हा बाबलोसारखं मोठमोठ्याने भांडावंसं वाटलं.

बुधवारी साहेब आले. शांतव्वा आणि तिच्यासोबत तीन बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि बायकांना म्हणाले, "हे बघा, दोन्ही दिवस पाणी सोडल्याची नोंद आहे. तुमच्याकडे पाइप फुटला असेल, नाहीतर तुमचीच काहीतरी चूक असेल." शांतव्वा म्हणाली, "सायेब, आमी खोटं कशाला लिवू?" साहेब तक्रार निकाली काढायला पेन उघडत होते.

"ना साहेब," इनासबाब म्हणाले. "पाणी रजिस्टराक मेळ्ळां. सड्याक मेळूंक ना. हांव विसरलों."

पेन थांबलं. "मग हे लिहिलं कुणी?"

इनासबाबांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. इतक्या एकाग्रतेने की साहेबांनीही एकदा वर पाहिलं. "साहेब, म्हजें तें हांवें सांगलें," एवढंच ते म्हणाले, आणि ओठ घट्ट मिटले. कानाच्या पाळ्या लाल.

त्या खोलीत मला जेवढं गरम झालं तेवढं मे महिन्यात कधी झालेलं नाही. शेवटी मी उभी राहिले. "मी लिहिलं, साहेब. पहिल्या तारखेला. अख्ख्या महिन्याचं."

साहेबांनी पान उलटलं. महिना अर्धासुद्धा झाला नव्हता. "म्हणजे या महिन्याच्या शेवटच्या दिवशीसुद्धा पाणी सुटलेलं आहे?"

"हो साहेब."

आधी इनासबाबच खो खो हसले, मग शांतव्वा, आणि शेवटी मलाही हसू फुटलं. साहेब मात्र शेवटपर्यंत हसले नाहीत.

मला लेखी ताकीद मिळाली. इनासबाबांचं नाव यादीतून निघालं आणि त्यांना डिचोलीला, सुर्ल्याच्या टँकरवर पाठवलं. खनिजाच्या ट्रकांची धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं ते काम. ते यादीचं नवीन पान मीच टाइप केलं. तिसऱ्या नावाशी माझी बोटं बराच वेळ थांबली. जाताना ते भेटायला आले तेव्हा त्यांनीच मला धीर दिला. "बरें काम गे. रस्तो कागाळ करिना." रस्ता तक्रार करत नाही!

त्यांच्या जागी नवा व्हॉल्व्हमन आला. गोड बोलणारा, कधी कुणाशी भांडण नाही, सूर्य कधी मावळतो याच्याशी देणंघेणं नाही. सड्यावर आठवड्यातून दोनदा तरी पाणी चढत नसे. विचारलं की हसून सांगायचा, "सोडलं ना!" आता मी रजिस्टर रोज भरत होते, पण तो सांगेल तेच त्यात लिहावं लागत होतं.

पाऊस संपता संपता शांतव्वा ऑफिसात आली. हातात वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज, खाली सोळा अंगठे आणि सह्या. अर्ज असा होता: 'नवीन माणूस पाणी दिलं म्हणतो, पाणी येत नाही. जुन्या माणसानं दोन दिवस आम्हास पाणी दिलं नाही. तो दिलं नाही असंच म्हणाला. तरी आम्हास पाणी न देणारा जुना माणूस परत द्यावा ही विनंती.'

मी इनासबाबांना फोन लावला आणि अर्ज वाचून दाखवला. पलीकडे टँकरचं इंजिन घरघरत होतं. ते म्हणाले, "परत वाच." मी पुन्हा वाचला. मग मी माझ्या पद्धतीने सुचवलं की अर्ज नीट टाइप करते, आणि ते दोन दिवस पाणी न दिल्याचं वाक्य काढून टाकते. ते फाइलमध्ये उगाच तुमच्या विरुद्ध जाईल.

"ना गे बाय," ते घाईने म्हणाले. "तें काडूं नाका. तें काडलें जाल्यार मागीर हांव आनी तो नवो मनीस, फरक कितें?"

मी अर्ज होता तसा, पानाच्या कोपऱ्यावरच्या चटणीच्या डागासकट, शिक्का मारून पेडण्याला पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला. साहेबांनी तेच वाक्य लाल शाईने अधोरेखित केलं होतं, आणि खाली शेरा होता: 'हाच माणूस पाठवा.'