मलकापूरच्या पुढची आई

एकाच रांजणातलं पाणी पिणारी पाच-सहा माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसली, की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. बोरी अरबच्या आमच्या शाळेतली मास्तरांची खोली तशीच होती. टेबल एक, खुर्च्या माणसांपेक्षा कमी, आणि मधली सुट्टी हेडमास्तरांच्या मर्जीवर. तिथले पुष्कळ किस्से सांगून मी लोकांना हसवलं आहे. वानखडे मास्तरांच्या मुंबईच्या सहलीचे किस्से मात्र सांगायला घेतले, की ऐकणारे हसत असतात आणि मीच मध्ये थांबतो. आज न थांबता सांगायचा विचार आहे, बघू.

वानखडे म्हणजे आमचे शास्त्राचे मास्तर. जंतू, मलेरिया, उकळलेलं पाणी, सगळं त्यांच्याकडे. "मांजर आडवं गेलं तर समजायचं, मांजराला पलीकडं काम आहे," हे त्यांचं वर्गातलं वाक्य अख्ख्या गावाला पाठ होतं.

पण त्यांची दोन लेकरं गेली होती. पहिला मुलगा पाळण्यातच गेला. दुसरी मुलगी वर्षाची झाली, "आई" म्हणायला शिकली आणि त्याच महिन्यात तापानं गेली. त्यांच्या पत्नी, आमच्या सुमनवहिनी, यांच्या मनात तो शब्द आणि तो ताप एकमेकांना चिकटून बसले ते बसलेच.

तिसरा मुलगा झाला तेव्हा बाराव्या दिवशी वानखड्यांनी तांड्यावरच्या हिरकीबाईला बोलावलं. ही बंजाऱ्याची बाई त्यांच्या घरी दूध घालायची. तिनं सूपभर कोंडा दिला आणि वहिनींनी पोरगं तिच्या ओटीत घातलं. पोरं जगत नसली की आमच्याकडे असं विकतात. लेकरू दुसऱ्याचं झालं, की त्याच्यावर टपून बसलेल्याचा त्यातला रस जातो म्हणे. कोंड्यावर घेतलं म्हणून नाव कोंडीबा. वाढायचं वानखड्यांच्याच घरी, पण पाच वर्षांचा होईपर्यंत आई हिरकीबाई.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचे काटोले गुरुजी खोलीत म्हणाले, "काय वानखडे, शास्त्र कुठं गेलं तुमचं?"

वानखडे हाताचा खडू पुसत होते. म्हणाले, "शास्त्र मी सातवीपर्यंतच शिकवतो गुरुजी. त्याच्या पुढचं मले येत नाही."

त्या दिवशी काटोल्यांनी स्वतःच्या हातानं रांजणातलं पाणी काढून वानखड्यांना दिलं.

*

कोंडीबा बोलायला लागला. हिरकीबाईला तो "याडी" म्हणायचा, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. आणि वहिनींना "बाई". शाळेतली पोरं बाईंना बाई म्हणतात तसंच. "घरात बाप मास्तर आन माय बाई. तुमच्या घरी फक्त घंटा वाजवायची राह्यली," असं काटोले चिडवायचे. वानखडे हसायचे. वहिनींसमोर मात्र काटोले हा विनोद कधी करत नसत.

एकदा आर्णीला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वहिनींच्या मांडीवर कोंडीबा. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू कोनाचं जी?"

"तांड्यावरच्या हिरकीबाईचं."

"आन मंग तुमच्यापाशी कसं?"

"मी सांभाळून राह्यली."

ती बाई बराच वेळ पाहत राहिली. वहिनी बुंदीचा एकेक दाणा दोन बोटांत मऊ करून त्याच्या तोंडात घालत होत्या. शेवटी ती म्हणाली, "लई जीव लावता बाई तुम्ही. आपलं सोताचं असतं त काय केलं असतं!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचा दाणा उचलला.

*

मुंबईचं खूळ आलं ते मास्तरांच्या खोलीतून. छप्पन साली आपण मुंबई राज्यात सामील झालो. त्याआधी राजधानी नागपूर, तिथं सगळे जाऊन आलेले. मुंबई कोणीच पाहिली नव्हती. साठ साल उलटलं तरी काटोले म्हणतच होते, "राजधानी आपली झाली, पाहून त येऊ." मग राणीच्या बागेतल्या हत्तीवर बसता येतं, बुटाच्या आकाराचं एक घर आहे आणि त्यात पोरं चढतात, अशी माहिती गोळा व्हायला लागली. चौपाटीवर वाळूत बसून भेळ खातात हे ऐकून हेडमास्तर म्हणाले, "वाळूत बसून खायचं तर अडाण नदी काय वाईट आहे?"

सगळे बोलत होते. खरी तयारी एकट्या वहिनींनी सुरू केली. कोंडीबाला कानटोपी विणली, गाडीत टिकणाऱ्या दशम्या करून पाहिल्या. वानखडे म्हणाले, पोरगं दोन वर्षांचंही नाही, त्याला समुद्र काय कळणार? पाच वर्षांचा होऊ दे, मग नेऊ. वहिनी ऐकेनात.

कारण त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितलं. "मुंबईत आपल्याले कोन ओळखते? लाखानं मान्सं. तिथं ते टपून बसलेलं बी नाही शोधू शकनार, कोनतं लेकरू कोनाचं. आठ दिवस त्यानं मले आई म्हनलं त कोनाले ऐकू जानार आहे?"

माझ्या बायकोनं विचारलं, "आन पाच वर्षं थांबलं त?"

"पाच वर्षं कोनं पाह्यली," वहिनी म्हणाल्या.

बायकोनं मला सांगितलं आणि मी खोलीत. वहिनींच्या घरी कोणी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ही सहल आम्हा सगळ्यांची झाली.

*

पहिल्या उन्हाळ्यात जायचं ठरलं आणि कोंडीबाला गोवर निघाला.

मी आणि काटोले पाहायला गेलो. आतल्या खोलीत हिरकीबाई त्याच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. पोराचं अंग तापानं फुललेलं. वहिनी बाहेर ओसरीवर, भिंतीला टेकून. त्यांना आत जाऊ दिलं जात नव्हतं, असं नाही. पण आत गेल्या की त्यांना रडू फुटायचं, आणि हिरकीबाई तिथल्या तिथं खडसवायची, "लेकरू माह्यं हाये. तुले काहून रडू येते? चाल, भाईर बस."

ती हे मोठ्यानं म्हणायची. छपराला, दाराला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वहिनी बाहेर येऊन बसायच्या. डोळे पुसायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "बसा भाऊजी. हिरकीबाईच्या पोराले बरं नाही."

गोवर उतरला. दशम्या आम्ही खोलीत बसून खाल्ल्या. टाकून देणं कोणाला जमेना.

*

पुढच्या दिवाळीला पुन्हा ठरलं. पण मग प्रश्न आला तो असा, की "आई" नेमकं कुठून म्हणायचं? घरी सराव करता येत नव्हता. दारव्ह्याला छोट्या गाडीत बसल्याबरोबर म्हटलं तर त्या डब्यात अर्धे लोक ओळखीचे. मधल्या सुट्टीत यावर जी चर्चा झाली तशी मी परीक्षेच्या पेपरांवरसुद्धा झालेली पाहिली नाही.

हेडमास्तरांचं मत पडलं, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली की बोलायला हरकत नाही. वानखडे म्हणाले, अकोल्यात तिचं माहेर आहे, तिथं नको. शेवटी काटोल्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला, त्यावर पट्टी ठेवली आणि निकाल दिला, "मलकापूर. मलकापूर सुटलं का वऱ्हाड संपलं. समोर खानदेश. तिकडचं खातं येगळं असनार."

शास्त्राच्या मास्तरांनी मान डोलावली. आम्ही चार शिकलेले पुरुष नकाशा पाहून ठरवत होतो, की मृत्यूची हद्द कुठं संपते, आणि आमच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

हिरकीबाईची परवानगी घेणं बाकी होतं. पोरगं तिचं. तिला न विचारता गावाबाहेर नेलं तर विकलं हेच खोटं ठरलं असतं.

ती आली, दुधाचं भांडं उंबऱ्याशी ठेवून बसली. "समुद्र म्हंजे केवढा?" तिनं विचारलं.

वानखडे म्हणाले, "अडाणले पूर येते ना? तसा. पन पलीकडचा काठच नाही."

"मंग तिकडं लेकराले कायले नेता?"

हिरकीबाईनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी मान खाली घालून कोंडीबाची कानटोपी उलट-सुलट करत होत्या. हिरकीबाईला स्वतःची चार पोरं होती, दोन मातीआड केलेली होती. तिला काय कळलं आणि काय नाही, कोण सांगणार? तिनं आपल्या ओढणीची एक कवडी तोडली, दोऱ्यात ओवून पोराच्या कमरेला बांधली.

"ने," ती वहिनींना म्हणाली. "आन तिकडं त्यानं तुले काहीबी म्हनलं, त म्हनू दे. मी काही इचारनार नाही."

कोंडीबा तिच्या मांडीवरून उतरेना. तिनं त्याला उचलून वहिनींच्या हातात दिलं आणि दुधाचं भांडं न घेताच तांड्याकडे निघून गेली.

*

निघालो एकदाचे. वानखड्यांचं कुटुंब, मी, माझी बायको आणि काटोले गुरुजी. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत जागा मिळाली. मलकापूर सुटलं तसं काटोल्यांनी खिडकीबाहेर पाहून वहिनींना नुसती मान हलवून खूण केली आणि आम्ही सगळे उगाच दुसरीकडे पाहायला लागलो.

वहिनींनी पोराला मांडीवर समोरासमोर बसवलं. आवाज इतका हळू, की गाडीच्या खडखडाटात जेमतेम ऐकू आला. "कोंडीबा, म्हन, आई."

तो त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आई. म्हन ना रे."

"बाई," तो म्हणाला आणि हसला.

राणीच्या बागेत हत्तीवर बसला, वरून ओरडला, "बाई, हत्ती!" बुटाच्या घराच्या खिडकीतून डोकं काढून, "बाई, बूट!" प्रत्येक वेळी वहिनी हात हलवायच्या. रोज सकाळी धर्मशाळेत त्याला न्हाऊ घालताना त्या पुन्हा शिकवायच्या आणि आम्ही बाहेर जाऊन उभे राहायचो. वानखडे म्हणाले, "जाऊ दे, लहान आहे." त्यावर वहिनी म्हणाल्या, "तिले बरोब्बर म्हनता येत होतं. ती त याच्याहून लहान होती." त्या गेलेल्या मुलीबद्दल त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

*

समुद्र काटोले गुरुजींनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. तो पाहिल्यावर मात्र ते गप्प. आम्हाला वाटलं भारावले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हा त मातकट आहे. नकाशात मी पोरायले निळा रंगवाले लावतो." मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात गेले, चूळ भरून आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "खारट आहे. तेवढं खरं शिकवलं."

आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या. मुंबईत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

*

शेवटची संध्याकाळ, पुन्हा चौपाटी. दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी. वहिनींनी आता शिकवणं सोडून दिलं होतं. वाळूत बसून त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत होत्या. कोंडीबा पाण्याच्या कडेला, वानखड्यांचं बोट धरून. लाट आली की मागे पळायचा, गेली की पुढे.

एकदा बोट सुटलं. लाट काही मोठी नव्हती, मोठ्या माणसाच्या पोटरीएवढी. पण तिनं त्याच्या पायाखालची वाळू ओढली आणि तो बसकण मारून पडला. तोंडात खारट पाणी गेलं. उठता येईना. वानखडे वाकले, पण त्यानं त्यांचे हात झिडकारले. त्यानं आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, वहिनींकडेही पाहिलं, आणि पूर्ण जीव ओतून हंबरडा फोडला.

"याडी! याडी गं!"

माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. काटोल्यांनी मान फिरवली.

वहिनी उठल्या. लुगडं न सावरता सरळ पाण्यात गेल्या, त्याला उचललं, त्याचं तोंड पदरानं पुसलं. तो अजून रडतच होता, त्यांच्या खांद्यावरून गर्दीत तिला शोधत होता. वहिनींनी त्याचं डोकं आपल्या मानेशी दाबलं आणि त्याच्या कानाशी, हिरकीबाई म्हणायची अगदी तशा सुरात, म्हणाल्या, "आली रे माह्या छोऱ्या. याडी इथंच हाये."