उतारावरचा रोलर

माझा बा लान्स नाईक गणपत, राहणार धनज, तालुका कारंजा. सिंगापूर पडलं तेव्हा त्याची पलटण तिथं होती. हत्यारं खाली ठेवायचा हुकूम वरून आला. त्यांनी ठेवली. जपान्यांनी आधी त्यांना तिथंच हमालीला लावलं. मग जहाजाच्या तळात कोंबून पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटावर नेलं. तिथं टेकडावर विमानांची धावपट्टी होती. अमेरिकन विमानं ती फोडायची आणि कैद्यांनी ती बुजवायची. बा म्हणायचा, "फौजेत म्या गोळी कमी चालवली अन् माती जास्त ओढली."

बा जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा शाळेतल्या गुरुजींनी पंधरा ऑगस्टला वाचायला त्याच्या आठवणी मागितल्या. मी तोंडी सांगितल्या. ते म्हणाले, "काकू, ते रोलरचं सोडून देऊ. मुलांपुढं बरं नाही दिसत."

मी म्हटलं, "मंग बाकी काय राह्यते गुरुजी? बिगुल अन् परेड?"

म्हणून मीच लिहिते. माझी चौथी झाली आहे, तेवढ्यात भागतं. हकिगत एका दिवसाची आहे. बाने ती मला वावरात काम करता करता कितीदा तरी सांगितली आणि कधी बदलून सांगितली नाही.

त्यांचं काम असं होतं. किनाऱ्यापासून धावपट्टीपर्यंत चढाचा रस्ता बांधायचा. त्यावर पांढऱ्या समुद्री खडकाचा चुरा टाकायचा आणि वरून सिमेंटचा रोलर फिरवायचा. रोलर माणसाच्या छातीइतका उंच. त्याला जाड दोर बांधलेले. वर नेताना माणसं पुढून ओढायची. खाली आणताना माणसं वरच्या अंगाला राहून दोर ताणून धरायची, नाहीतर तो सुटलाच. थांबायचं झालं की एकाने खालच्या अंगाने लाकडाची मोठी पाचर घालायची. पाचर घालणारा बा होता.

रोलर ओढणाऱ्या त्याच टोळीत आसेगावचा सिपाही नामदेव होता. तो माझा मामा. तेव्हा तो कोणाचाच मामा नव्हता, माझ्या आईचं लग्न पुढं झालं. नामदेव मस्करीखोर होता. पहिल्याच दिवशी दोर खांद्यावर घेऊन म्हणाला, "बैलच केलं आपल्याले, तं बैलावानीच चालू ना!" आणि तो रोलरला जुंपलेल्या माणसांना बैलांसारखं हाकारू लागला. चालवायला "हऽल्या" आणि थांबवायला "हो-हो". सगळी शेतकऱ्यांची पोरं. पाय आपोआप एका तालात पडायचे. वजन हलकं वाटायचं.

त्यांच्यावर एक जपानी पहारेकरी होता. हे लोक त्याला मुकादम म्हणायचे. ते हाकारणं त्याने उचललं. त्याला गंमत वाटली. बांबूची काठी उगारून तोही "हो-हो" ओरडायचा, की सगळ्यांनी थांबायचं. थांबायला उशीर झाला की काठी.

खडकाच्या चुऱ्याने नामदेवचा तळपाय कापला. जखम चिघळली, पाय सुजला. एक दिवस तो ओढताना बसला. मुकादमाने त्याला तिथंच मारलं. मग रस्त्याच्या कडेला उन्हात टाकून ठेवलं आणि कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. रोलर त्याच्या पुढून वर जायचा आणि खाली यायचा. नामदेव पाणी मागत होता. बा दोनदा पाणी घेऊन निघाला, दोनदा त्याच्या पाठीत काठी बसली. दिवस कलायच्या आत नामदेव मेला. कामाची सुट्टी झाल्यावर पुरायला परवानगी मिळाली.

बाने दुसऱ्या दिवशी पाचर हातात घेतली तेव्हाच ठरवलं. मुकादमाला मारायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

टोळीचे हवालदार साताऱ्याकडचे होते. त्यांनी ओळखलं. "गणपत, डोक्यात काय चाललंय?"

"काई नाई साहेब. मुकादमाले पाहून राह्यलो."

"नुसतं बघ. त्याच्या अंगाला हात लागला तर अख्खी टोळी गोळीनं जाईल. हा हुकूम समज."

"जी साहेब."

कारंज्याचा सिपाही शेख रहीम बाच्या शेजारी झोपायचा. तो बाला टोचायचा, "गणप्या, तुह्यानं ढेकून मरत नाई, अन् मुकादम काय मरते!"

बा म्हणायचा, "तू पाह्य तं खरा."

असे बरेच दिवस गेले.

आता तो दिवस. पाऊस उघडला होता, आभाळ साफ होतं. हजेरी झाली. हवालदार म्हणाले, "आज येतील." साफ आभाळात विमानं यायचीच. टोळी कामावर गेली. रस्ता वाहून जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी उताराच्या खालच्या भागात आडवा चर खणून घेतला होता. त्यात पाइप बसायचे होते.

रोलर वरून खाली येत होता. माणसं वरून दोर ताणून, बा खालच्या अंगाला पाचर घेऊन, मुकादम सगळ्यांच्या पुढं. रोलर चराच्या बराच वर असताना भोंगा झाला. मुकादम ओरडला, "हो-हो!" बाने पाचर घातली. रोलर तिच्यावर बसला. माणसांनी दोर टाकले आणि ती कडेच्या नालीत पडली. पहारेकऱ्यांचा खंदक लांब होता. मुकादमाने समोरच्या चरात उडी मारली.

विमानं समुद्रावरून आली. पहिले बॉम्ब वर धावपट्टीवर पडले. माती उडून खाली आली. बा नालीत नव्हता. तो रोलरला चिकटून पडला होता. त्याने खाली पाहिलं. रस्ता सरळ होता. खाली चर होता आणि चरात मुकादमाची टोपी दिसत होती.

बा ओरडला, "हवालदार साहेब!"

"आडोशाला ये, गणपत!"

"साहेब, पाचर काढू का?"

हवालदारांनी त्याच्याकडं पाहिलं. मग चराकडं पाहिलं. ते म्हणाले, "विमानांचा आवाज फार आहे. मला काही ऐकू येत नाही." आणि मान खाली घातली.

आता एक अडचण होती. कापसाची भरलेली गाडी उतारावर उभी करताना चाकाखाली दगड देतात. तो दगड नुसत्या हाताने निघत नाही. सगळं वजन त्याच्यावर बसलेलं असतं. गाडी आधी जराशी मागं खेचावी लागते, मग दगड सुटतो. रोलरचं तेच होतं. बा एकटा काही करू शकत नव्हता. कोणीतरी नालीतून बाहेर येऊन दोर ओढायला पाहिजे होते, आणि विमानं वळून परत येत होती.

बाने हाक दिली, "मागं घ्या रे जरासा!"

एवढंच. कोणाला मारायचं, काहून मारायचं, हे सांगावं लागलं नाही. आधी रहीम निघाला. मग बाकीचे रांगत आले. त्यांनी दोर धरले, टाचा रोवल्या. रहीमने नामदेवच्या ढंगात हाकारलं, "हऽल्या!"

विमानं खाली आली. मशीनगनच्या गोळ्या रस्त्याच्या कडेने गेल्या. एक बॉम्ब बाजूच्या झाडीत पडला. कोणी दोर सोडला नाही. रोलर बोटभर मागं सरकला. बाने पाचर ओढून फेकली.

"सोडा!"

सगळ्यांनी सोडलं. सिमेंटच्या त्या धोंड्याला आधी सावकाशच चालता आलं. मुकादमाने डोकं वर काढलं. रोलर येताना पाहिला. त्याने हात वर केला आणि ओरडला, "हो-हो! हो-हो!" चर अरुंद होता आणि ओल्या मातीत त्याचे पाय रुतले होते. रोलर चरात गेला.

मी बाला विचारलं होतं, "मंग तुले कसं वाटलं?"

तो म्हणाला, "चांगलं वाटलं. आजबी वाटते."

मलाही वाटतं. गुरुजींना जे वाचायचं नव्हतं ते हेच.

बाने वळून पाहिलं. रहीम दोर हातात धरून पालथा पडला होता. झाडीतल्या बॉम्बचा तुकडा त्याच्या मानेत शिरला होता. तो नालीत राहिला असता तर वाचला असता. हवालदारांनी त्याचे डोळे मिटले आणि दोर त्याच्या मुठीतून सोडवला. मग म्हणाले, "सगळे नालीत. कोणी बाहेर आलं नव्हतं."

भोंगा संपल्यावर जपानी अधिकारी आला. त्याने झाडीतला खड्डा पाहिला, रोलर पाहिला. हवालदार सावधान उभे राहिले. "बॉम्बचा धक्का, सर. पाचर उडाली." अधिकाऱ्याने मान हलवली. त्याच दुपारी टोळीने रोलर दोरांनी बाहेर काढला, चर दुरुस्त केला आणि रस्त्याचं काम पुढं सुरू झालं. रहीमला नामदेवशेजारी पुरलं.

लढाई संपली. ऑस्ट्रेलियन फौजेने त्यांना सोडवलं. बा परत आला तेव्हा त्याच्या अंगात हाडंच उरली होती. तो आपल्या घरी जायच्या आधी आसेगावला गेला. नामदेवची आई, म्हणजे माझी आजी, गोठ्यात होती. पोरगा बेपत्ता आहे एवढंच सरकारने कळवलं होतं. लोक तेरवी कर म्हणत होते. कशाने गेला ते समजल्याशिवाय करणार नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

बाने आपलं नाव सांगितलं, नामदेवसोबत होतो म्हणाला. आजी म्हणाली, "नामदेव गेला ना?"

"हो माय."

"दुखनं होतं का?"

"नाई. मारलं त्याले."

"ज्यानं मारलं तो आहे का?"

"नाई. आमी मारला."

"बस इथं. समदं सांग."

बाने सगळं सांगितलं. आजीने मध्ये एकदाच विचारलं, "वरडला का तो?"

"वरडला."

"बरं झालं. आता तेरवी करीन." मग म्हणाली, "तो दोरीवाला पोरगा, त्याचं कोणी आहे का?"

"कारंज्यात बहीण आहे. उद्या तिच्याकडं जातो. पन माय, तो मुसलमान होता."

"मंग काय झालं? जेवत नव्हता का?"

तेरवीला आजीने दोन पानं वेगळी वाढली. एक नामदेवचं, एक रहीमचं. गावातले एक म्हातारे बुवा जेवायला होते. त्यांना रोलरची गोष्ट कळली होती. ते म्हणाले, "बाई, मेल्यावर वैर राह्यत नाई. त्या तिसऱ्याच्या नावानंबी घास ठेव."

आजीने हातातली पळी खाली ठेवली नाही. म्हणाली, "त्याची माय असन ना तिकडं. त्याचं थे पाह्यन. मी माह्या पोराईले वाढून राह्यली."