इद्वालला ओढून आणलं तो रविवार

हेउल्वेन प्रिथर्खचा उजवा खांदा आता वर जात नाही. डॉक्टरांनी वल्हं कायमचं खाली ठेवायला लावलं. तरी रविवारी सकाळी ती नवऱ्याला, एम्लिनला, गाडी काढायला लावते आणि पोर्थ डाफार्खच्या किनाऱ्यावरच्या कठड्यावर जाऊन बसते. खाली कयाक क्लबची मंडळी आपल्या निमुळत्या होड्या पाण्यात ढकलतात, सरावासाठी मुद्दाम उलटतात, एकमेकांना बाहेर काढतात आणि पुन्हा उलटतात. एम्लिन गाडीतच पेपर वाचतो. त्याला थंडी सोसत नाही, आणि बायकोची तंद्रीही मोडायची नसते.

कारण तिथे बसली की ती आजच्या पाण्याकडे बघतच नाही. तिला दिसतात ते तिच्या चाळिशीतले रविवार.

तेव्हा वेल्समधल्या होलीहेड बंदरात त्या दोघांचं तळलेल्या मासळीचं दुकान होतं. शुक्रवारी संध्याकाळी रांग पार कोपऱ्यापर्यंत जायची. त्या रांगेत इद्वाल असायचा. आयर्लंडच्या बोटीवर जन्म घालवून निवृत्त झालेला, अंगानं आडवा, चॅपलमध्ये खर्जात गाणारा, आणि रविवारी प्रार्थना उरकली की कयाकवाल्यांना समुद्रावर पिटाळणारा. एकदा पुडकं घेताना त्यानं नाक वाकडं केलं.

"हेउल्वेन, तुझ्या केसांनासुद्धा चरबीचा वास येतो गं. रविवारी ये, खाऱ्या पाण्यात धुऊन काढतो."

"मला धड पोहता येत नाही."

"मग तर येच. पोहता येणारे माझं ऐकत नाहीत."

ती गेली ती एम्लिनला चिडवायला म्हणून. पहिल्याच रविवारी इद्वालनं तिची कयाक सरळ उलटी केली. पाण्याखाली डोकं, कमरेभोवती होडीचं तोंड झाकणारा रबरी घेर गच्च, कानात नुसता घुमारा. कसाबसा तो घेर ओढून ती वर आली ती इद्वालला शिव्या देतच. तेवढ्यात तेगिद पोहोचला. विजेच्या खांबांवर चढणारा, दांडगा, हसरा माणूस. त्यानं तिच्या कयाकचं टोक स्वतःच्या कयाकवर आडवं ओढून घेतलं, पालथं करून पाणी ओतून टाकलं, सरळ केली आणि दोन्ही होड्या घट्ट धरून म्हणाला, "चढ. पोटावर. सीलसारखी."

"सील बरी," इद्वाल लांबून ओरडला, "ती निदान माझ्या आईचा उद्धार करत नाही!"

त्या दिवशी वाळूत बसून तिनं थर्मासचा चहा प्यायला, सोबत बारा ब्रिथचा, म्हणजे मनुका घातलेल्या वेल्श पावाचा, लोणी लावलेला जाड काप खाल्ला. इतकं गोड काही आपण आयुष्यात खाल्लं नाही असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी ती बोलावण्याआधीच हजर होती.

हळूहळू ती उलटणं शिकली, उलटलेल्याला काढणं शिकली, दमलेल्याला दोरीनं ओढून आणणंही शिकली. एकच गोष्ट जमेना. दर खेपेला टोळीचं पुढारपण कुणा एकाकडे असे, आणि तिची पाळी आली की तिचा आवाज बसे.

"अगं, तू हुकूम सोडतेयस, की माशावर व्हिनेगर हवंय का विचारतेयस?" इद्वाल म्हणे.

इद्वालचा आवडता खेळ म्हणजे आजारी पडणं. मध्येच तो वल्हं उंच धरून बोंब ठोकी. "मेलो! खांदा निखळला!" कधी तो घेरी आलेला पाहुणा होई, कधी दारू प्यालेला लिव्हरपूलवाला. सोडवायला गेलेल्याच्या दोरीत मुद्दाम गुंतून बसे, ओढून नेत असताना मध्येच पाण्यात उडी टाके आणि वर तोंडाचा पट्टा चालूच. जो पुढारी असेल त्यानं हे सगळं निस्तरायचं. बाकीचे पोट धरधरून हसायचे.

तो सप्टेंबरातला दिवस होता. भूशिराच्या बाहेर भरती आणि वारा समोरासमोर आलेले, त्यामुळे लाटा उभ्या राहत होत्या. पुढारपण तेगिदकडे होतं. त्याच्यामागे इद्वाल, हेउल्वेन, ग्रंथालयातली मेइनिर आणि तिचे दोन भाऊ, हिवेल आणि इवान. मेइनिरला मुद्दाम उलटवून परत चढवून झालं होतं. टोळी आडोशाकडे वळली आणि इद्वाल मागे राहिला.

"चला, सुरू झालं नाटक!" तेगिद मागे न बघताच म्हणाला. "काय दुखतंय आज, म्हाताऱ्या?"

इद्वाल म्हणाला, "जरा थंडी वाजतेय."

सगळे हसले. हेउल्वेनही हसली, पण हसता हसता थांबली. इतक्या वर्षांत थंडी वाजतेय असं त्याच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. शिवाय तो ओरडला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. ती वळून जवळ गेली. त्याचं वल्हं पाण्यावर लांब तरंगत चाललं होतं आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता. वल्हं सोडलं म्हणून त्यानं तिला किती रविवार फाडून खाल्लं होतं! त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"तेगिद, हे नाटक नाही."

तेगिदचं हसू मावळलं. तो वळला, पण क्षणभर काय करावं ते त्याला सुचेना. इद्वाल त्याला बापाच्या जागी होता. त्या क्षणात हेउल्वेन बोलू लागली. आवाज चढवला नाही. शुक्रवारच्या रांगेशी ती जशी बोलायची तशीच, एकेकाकडे बघून.

"मेइनिर, तू इकडे ये. तुझी कयाक त्याला लाव, धर त्याला, सोडू नकोस आणि बोलत राहा. तेगिद, तुझी दोरी त्याच्या टोकाला. मी माझी दोरी तुझ्या टोकाला बांधून पुढे होते, दोघं ओढू. हिवेल, तू सगळ्यात वेगवान. सरळ किनाऱ्यावर जा, वरच्या घरातून फोन कर, अँब्युलन्स उतारापर्यंत खाली आणायला सांग. इवान, तू आमच्या मागे राहा. लाट येताना दिसली की ओरड."

हिवेल तोवर निघालाही होता.

परतीचं पाणी संपता संपेना. हेउल्वेनचे दंड भरून आले, दोरी कमरेला काचत होती. मागून मेइनिर इद्वालशी बोलत होती. बोलायला काही उरलं नाही तेव्हा ती चॅपलमधली स्तोत्रं गाऊ लागली. एका ओळीत तिचा सूर चुकला, आणि इद्वालचा पुटपुटल्यासारखा आवाज आला, "खालचा सूर, बाई. खालचा."

ते ऐकून तेगिद वल्हवता वल्हवता रडायला लागला.

उतारावर माणसं कमरेइतक्या पाण्यात येऊन उभी होती. इद्वालला उचलून नेलं. वर अँब्युलन्सचं दार बंद झालं, गाडी गेली आणि हेउल्वेन वाळूवर फतकल मारून बसली. वल्हं धरून बोटं अशी वळली होती की थर्मासचं झाकण उघडेना. तेगिदनं उघडून दिलं.

"मला दिसलं नाही गं," तो म्हणाला.

"तू पुढे होतास. मी मागे होते. एवढंच."

इद्वाल बॅन्गोरच्या रुग्णालयात बरेच दिवस होता. घरी आल्यावर पहिल्याच शुक्रवारी काठी टेकत दुकानात आला. रांगेतल्यांनी वाट करून दिली.

"दोरी आखूड बांधायला लावलीस," तो म्हणाला. "तेगिदच्या वल्ह्याचं निम्मं पाणी माझ्या तोंडावर."

"पुढच्या वेळी लांब बांधायला सांगते. मासा देऊ का? डॉक्टरांना विचारलंस?"

"तू विचार त्यांना. तुझं ऐकतील." मग मान खाली घालून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "मेइनिर गात होती ना, तेव्हा मला वाटलं, झालं, हेच आपलं दफन. पण पुढे तुम्हा दोघांच्या पाठी हलत होत्या. मी त्याच बघत राहिलो."

तिनं त्याला उकडलेले मटार दिले, मासा दिला नाही. तो कुरकुरत बाहेर पडला.

वर्षभरानं त्याला डॉक्टरांकडून खाडीपुरतं वल्हवायची परवानगी मिळाली. तेव्हापासून तो टोळीच्या मध्ये वल्हवू लागला आणि पुढारपण हेउल्वेनकडे आलं. कुणी ठरवून दिलं नाही. जो तो निघताना तिच्याकडे बघू लागला, एवढंच. ते उन्हाळे तिला सगळ्यात जास्त आठवतात. दुपारचं सपाट पाणी, खडकांवर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, मागून तेगिदच्या शिट्ट्या आणि इद्वालचं अखंड शिकवणं: "हेउल्वेन, जास्त डावीकडे चाललीयस! हेउल्वेन, जेवायच्या आत पोहोचू ना?" ती मागे न बघता म्हणे, "बोलायला दम आहे, तर वल्हवायलाही असेल." नऊ उन्हाळे हे असंच चाललं. दहाव्या उन्हाळ्याआधीच तो गेला, झोपेत, स्वतःच्या घरी. त्या रविवारी टोळी पाण्यात उतरली आणि भूशिरापर्यंत जाऊन आली.

आता कठड्याखाली तेगिदची मुलगी टोळी नेते. तिच्या खांद्यावर रेडिओ आहे आणि आवाज खणखणीत आहे. कुणीतरी उलटतं, कुणीतरी शिव्या देतं, सगळे हसतात. वारा गार सुटतो. एम्लिन काच खाली करून विचारतो, "निघायचं का?"

"थांब जरा," हेउल्वेन म्हणते. "त्या मागच्याला अजून वर घेतलं नाही."