वेरोनिकाची नजर आणि गुरुदासची चवळी

वेरोनिका चवळीकडे बघते आणि चवळी पिवळी पडते, अशी कुजबुज एका हिवाळ्यात आमच्या वाडीत सुरू झाली. कुणी सुरू केली, ते मी सांगणार नाही. गुरुदासने.

वेरोनिका मालवणच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. नवरा वारलेला, मुलगा डायलन बोटीवर. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की घरोघर चहा आणि चहाबरोबर इकडची बातमी तिकडे. ही फेरी बंद झाली असती, तर बिचारी भिंतींशी बोलत बसली असती.

भात कापल्यावर रिकाम्या कुणग्यांत आम्ही चवळी पेरतो. त्या वर्षी पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उठले, पानं आक्रसली, शेंगा वाकड्या झाल्या. आणि वेरोनिकाची वाट नेमकी कुणग्यांच्या बांधावरून. झालं! दारं अर्धीच उघडू लागली.

गुरुदासची बायको सत्यवती तिची जुनी मैत्रीण. तिने जत्रेतून काळा चष्मा आणला.

"गो वेरोनिका, रागावू नको. ह्यो चष्मो घाल आणि मगे चायेक ये."

"माजी नजर इतकी जळकी असती, तर तुजो घोव गुरुदास कदीच वाळलो असतो!"

असं म्हणून तिने चष्मा घातला. चहा कुणाला सुटतो? पाद्रीबाबांना वाटलं डोळे आले. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थनाही केली.

चट्टे वाढतच गेले. मग गुरुदासला शोध लागला की नजर चष्म्याच्या बाजूने गळते. बांधावरून तिने उलटं चालायचं ठरलं. ती उलटी चालली आणि गुरुदासच्याच शेणाच्या खड्ड्यात बसली.

चिडून ती म्हापशाला बहिणीकडे गेली. तरी चवळी पिवळीच. मला वाटलं, सुटली बाई. पण गुरुदासने बायकोला धरलं.

"काल तिका व्हिडिओ कॉलार कुणगो कोणी दाखवल्यान?"

त्यानंतर कॉलवर वेरोनिकाला फक्त छप्पर दिसायचं.

नाताळात ती करंज्यांसारख्या नेवऱ्या घेऊन परतली. गुरुदासची मुलगी नम्रता शेतकी कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने एक पान उलटलं. खाली काळे किडे चिकटलेले.

"बाबा, ह्यो मावो. रोगट पानाक सोंड टोचता, मगे दुसऱ्याक टोचता. क्षणात रोग थंय पोचता."

"म्हणजे एक घोट इकडे, एक घोट तिकडे?" मी म्हटलं. "मग ही वेरोनिकाच!"

मला नेवरी मिळाली नाही.

"पण पयलो रोग इलो खंयसून?" वेरोनिकाने चष्मा काढून विचारलं.

नम्रता बापाकडे वळली. "बियाण्यातून. बियाणा कोणी वाटल्यान?"

हल्ली वेरोनिका बांधावरून सरळ चालते, उघड्या डोळ्यांनी, आणि पहिला चहा सत्यवतीकडे घेते. चष्मा गुरुदास घालतो. ऊन लागतं म्हणे.

वेरोनिकाच्या नजरेत काही नव्हतं. आदल्या वर्षी गुरुदासने चांगल्या वेलींच्या शेंगा बाजारात विकल्या, चट्टे पडलेल्या वेलींचं बी राखून वाडीभर वाटलं, आणि त्यातला रोग माव्याने सगळ्या कुणग्यांत पसरवला.