भोये गुरुजींचा भागाकार

हरसूलच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर भोये गुरुजींची शाळा. चार इयत्ता, एकवीस पोरं आणि मास्तर एकटे. दत्तू भोये माणूस कष्टाळू. सव्वीस वर्षांत शाळेला उगाच कुलूप लावलं नाही. पण राग नाकाच्या शेंड्यावर! "एकदा सांगून कळत नाय का रे?" हे त्यांचं वाक्य पाड्यावरच्या कोंबड्यांनाही पाठ असेल. त्यामुळे शंका कुणी विचारायचंच नाही, आणि गुरुजी समजायचे, सगळ्यांना कळलं.

यंदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांच्या फोनवर एक एआयचं ॲप टाकून दिलं. तोंडी विचारलं की मराठीत उत्तर देणारं. "हे शिकवणार, मग मी काय नुसती घंटा वाजवू?" गुरुजी उखडले. पण ते पहिलीची अक्षरं गिरवून घेत असताना चौथीची पोरं नुसता धिंगाणा घालायची. शेवटी फोन ओसरीवर गेला. आपलं नाव सांगायचं, गणितातलं अडलेलं विचारायचं, दहा मिनिटांनी पुढच्याला द्यायचा.

त्याच आठवड्यात चौथीतल्या सरिताचा बाप मंगळू आला. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले होते, आणि पाड्यावर चौथीपुढे वर्गच नव्हता.

"गुरुजी, आमच्या सरिताचा फॉर्म भरा ना. तिकडं गेली तं शिकंल. नाय तं आमच्यासंगं द्राक्षबागंत मजुरीला येईल."

"मंगळू, तिला साधा भागाकार येत नाय. उगाच पोरीला तोंडघशी पाडू नको."

मंगळू उठून गेला.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, गुरुजींनी ते ॲप उघडलं. पोरांनी कधी काय विचारलं त्याची नोंद वर पाठवायची होती. बोललेलं सगळं तिथे लिहिलेलं होतं. 'मी सरिता. शहाण्णव भागिले चार. नवातून एक उरला, तो सहाच्या शेजारी बसून सोळा कसा झाला?'

ॲपने चॉकलेटच्या डब्यांचं उदाहरण दिलं होतं. त्यावर सरिता: 'डब्यात किती असतात, मला नाय माहीत.' मग: 'परत सांग.' 'अजून एकदा सांग, रागवू नको.' गुरुजी खाली सरकत गेले. एकच प्रश्न अकरा वेळा! शेवटी पोरीनेच वाट काढली होती: 'बाजारातल्या भाजीच्या जुड्या घेऊन सांग. दहा काड्यांची एक जुडी.' आणि त्याच्याखाली: 'गुरुजींना सांगू नको.'

ॲपचं उत्तर होतं, गुरुजींनाही विचार, त्यांना आनंदच होईल.

"आनंद होईल म्हणे! याला कुणी सांगितलं?" गुरुजी पुटपुटले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. रागवू नको, असं ती पोर एका यंत्राला विनवत होती. आणि तो एक सोळा कसा होतो, हे त्यांना स्वतःला तरी कुणी कुठे सांगितलं होतं? छडी बसायची, की आकडा मुकाट्याने खाली यायचा.

सुट्टी संपली. त्यांनी सरिताला फळ्यापाशी बोलावलं. पोर भिंतीच्या कडेकडेने आली.

"तो सोळा कसा झाला, मला सांग."

"नऊ जुड्या चौघांत वाटल्या, एक उरली," ती खाली बघत म्हणाली. "ती सोडली. दहा काड्या झाल्या, आन् सहा सुट्या होत्या."

"शाब्बास गं! मलाही असं कुणी सांगितलं नव्हतं," गुरुजी म्हणाले, आणि वर्ग त्यांच्याकडे बघतच राहिला.

शाळा सुटताच ते तिला मोटारसायकलवर बसवून मंगळूच्या खळ्यावर गेले. फॉर्म बापासमोरच फोनवर भरायला घेतला.

मंगळूने घाबरतच विचारलं, "पण तिला भागाकार येत नाय ना?"

"तिला येतो रे. शिकवता मला येत नव्हता. चुकलं माझं."

फॉर्म गेला. सरिता कधीची चुळबुळत होती. "गुरुजी, परीक्षेत नाय कळलं तं कुणाला इचारायचं?"

"तिथं कुणालाच नाय. म्हणून आत्ताच इचार, पाहिजे तेवढ्यांदा."

"मंग पयलं अपूर्णांकाचं सांगा," ती म्हणाली, आणि गुरुजी तिथेच मांडी घालून बसले.