सात अर्ज, एक अंगठा

सूर्यमाळची ती मुलगी आजही आठवते आणि तिच्या बापापुढे मी सरकवलेलं शाईचं पॅड आठवलं की अजून लाज वाटते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मोखाड्याच्या बाजूला फौजदार होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. एक शेतकरी सकाळीच ठाण्यात आला. बारावीत शिकणारी त्याची मुलगी दिवाळीतल्या वाघबारशीच्या सणालाही घरी आली नव्हती. वसतिगृहात विचारलं तर म्हणाले, ती महिन्यापूर्वीच सामान घेऊन गेली.

"गेली असेल कुणाबरोबर," हवालदार पुटपुटला. मलाही तसंच वाटलं. शिवाय दोन दिवसांवर क्राइम मीटिंग होती आणि तपासावरची प्रकरणं वाढलेली वरिष्ठांना खपत नसत. चार दिवस वाट बघा, असं सांगून मी त्याला वाटेला लावणार होतो. पण गडी हलेना. शेवटी वैतागून मिसिंगची तक्रार लिहिली आणि पॅड पुढे केलं.

"आंगठा कशाला, साहेब? मला सही येते ना. पोरीनंच शिकवलीय. म्हनली, मी शाळंत बाई होनार नि माझा बाप आंगठा लावनार काय?"

एकेक अक्षर कोरत त्याने सही केली. मी ओशाळून पॅड बाजूला केलं.

कॉलेजात गेल्यावर लिपिकाने फाइल झटकन काढून दिली. त्यात नाव काढून घेण्याचा मुलीचा अर्ज होता. कारण, घरगुती अडचणी. खाली पालक म्हणून अंगठा!

"पालक स्वतः आले होते?"

"हो साहेब, माझ्यासमोरच दिला त्यांनी."

मी तसलेच बाकीचे अर्ज मागितले. एकाच आठवड्यातले एकूण सात निघाले. सगळी मुलं पाड्यांवरची, सगळी पहिल्या चाचणीत नापास. मजकूर तोच, अडचण तीच. भिंग लावून पाहिलं, तर अंगठाही तोच वाटत होता.

लिपिकाला ठाण्यात आणलं. आवाजही चढवला नाही. सातही अर्ज टेबलावर मांडले आणि म्हटलं, "आता तुमचा अंगठा द्या."

तो रडायलाच लागला. "साहेब, संस्थेला निकाल शंभर टक्के हवा होता. जिल्ह्यात पहिलं यायचं होतं. कच्ची पोरं काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू देत, असं मीटिंगमध्ये ठरलं. पालकांना बोलावलं असतं तर बोंब झाली असती."

बाहेरून बसण्याचे ते फॉर्म मात्र कुणीच भरून दिले नव्हते.

खोडाळ्याच्या बाजारात मुलीच्या पाड्यावरची एक बाई हवालदाराला म्हणाली, "ती जगायला गेली, साहेब. भिवंडीकडं, भट्टीवर." मजुरीसाठी गाव सोडण्याला इकडे जगायला जाणं म्हणतात. बापाला घेऊन आम्ही निघालो.

आम्हाला पाहून ती विटांच्या थप्पीआड गेली. घरी का सांगितलं नाहीस, असं विचारलं.

"बाबा सगल्या पाड्याला सांगं, माझी पोर बाई होनार. मग मी कसं सांगू?" हाताला लागलेली माती झटकत ती म्हणाली, "नि मी बसले असते तर निकाल कमीच झाला असता, साहेब. अर्ज लिवून घेताना सर म्हनले, ते खोटं नाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाचं बोलणं मला इतकं लागलं नाही.

गुन्हा दाखल झाला, लिपिक अडकला. संस्थेच्या मीटिंगच्या इतिवृत्तात या विषयाचा एक शब्दही नव्हता, त्यामुळे ठरवणारे सुटले. फॉर्मची मुदत संपली होती. तिचं वर्ष गेलं. दोनदा पाड्यावर जाऊन समजावलं, पण ती पुन्हा परीक्षेला बसली नाही. जूनमध्ये कॉलेजचा निकाल शंभर टक्के लागला.

त्या संस्थेवर मी कितीतरी दिवस चडफडत होतो. मग वार्षिक तपासणीत, हद्दीतले गुन्हे कमी झाले म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते कसे कमी झाले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तक्रार न लिहिताच मी घरी पाठवलेली माणसं त्या रात्री आठवून पाहिली. एकाचाही चेहरा आठवेना.