मोहाखाली राहिलेला फोन

आमच्या तालुक्याच्या गावाहून, सावलीच्या बसस्टँडवरून बस सुटली तेव्हा आई रडली नाही. तिनं डबा दिला, पाण्याची बाटली दिली, आणि बस वळणावर गेल्यावर मागून हाक घातली, "हूऽऽ". मोहफुलं वेचताना घालतो तीच हाक. माझ्या तोंडून खिडकीतूनच उत्तर गेलं, "हूऽऽ". अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. कंडक्टरनं डोकं आत घ्यायला सांगितलं. मी ते आत घेतलं आणि चंद्रपूर येईपर्यंत रडले.

आमचं गाव जंगलाला अगदी लागून. उन्हाळा लागताना मोह फुलतो आणि पहाटे फुलं वेचायला जायचं ते जोडीनं. वाकून वेचणाऱ्याला आजूबाजूचं काही दिसत नाही, आणि वाघ तर आमच्याकडे ये-जा करतच असतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक घालायची, दुसरीनं लगेच ओ द्यायची. बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत, सुट्टीलाच घरी येतात. त्यामुळे आईची जोडीदार मीच. ओ द्यायला जरा उशीर झाला की ती टोपली टाकून धावत यायची आणि मी धडधाकट दिसले की शिव्या घालायची.

आता मी बंगळुरूत प्राण्यांचं वर्तन शिकते. गावात कुणी विचारलं तर आई सांगते, पोरगी वानरं पाह्यते. खोटं नाही ते. पहिल्याच सेमिस्टरला सरांनी कॉन्टॅक्ट कॉल शिकवला. दाट पानांत एक माकड अधूनमधून आवाज काढतं, दुसरं उत्तर देतं. त्यात खाण्याची खबर नसते की धोक्याची. मी इथे आहे, तू आहेस ना, एवढंच. उत्तर देणारी कळपात टिकली, त्यांची पिल्लं जगली, तशी ही सवय पिढ्यान्पिढ्या चालत आली, असं सर सांगत होते. वर्ग लिहून घेत होता. मला आईची इतकी आठवण आली की पुढचं काही कानात शिरलं नाही.

तिचे फोनही तसेच असतात. जेवली का? हो. बरं. संपला फोन. रूममेट हसते, एवढ्यासाठी फोन करतात का, म्हणते. मी म्हणते, एवढ्यासाठीच करतात.

यंदा मोह फुलला तेव्हा मी आईला बजावलं, एकटी जाऊ नकोस. शेजारणींची झाडं आमच्या झाडापासून लांब आहेत. ती म्हणाली, "एकटी काऊन? तू आहे ना फोनवर." टॉवर झाल्यापासून झाडापाशी रेंज येते. ती फोन स्पीकरवर टाकून बुंध्याशी ठेवते, मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहते. ती हाक घालते, मी ओ देते. वॉचमनला हा माझा अभ्यास वाटतो. मीही काही सांगायला गेले नाही.

मागच्या आठवड्यात एका पहाटे बराच वेळ हाक आली नाही. मी घातली. ओ नाही. मग फोनमधून वानरांचं खेकसणं ऐकू आलं. ते कुणाला बघून खेकसतात हे मला पुस्तकं हातात येण्याआधीपासून माहीत आहे. मी गच्चीवरून ओरडत राहिले, आई, घरी जा, घरी जा. वानरं गप्प झाली. त्यानंतर नुसती फुलं पडत होती, टप, टप.

तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या नंबरवरून फोन आला. "मी घरी आली. वानर खेकसलं तशीच निघाली. फोन तिथीच राह्यला." आणि मग, "चहा घेतला का तू?"

मी हो म्हटलं. चहा घेतला नव्हता.

गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, तिकडे करमते का? करमतं. ग्रंथालय आवडतं, इथली इडलीही आवडायला लागली आहे. पण घर म्हणजे मला आता ते मातीचं अंगणसुद्धा वाटत नाही. ओ मिळाली नाही तर टोपली टाकून धावत येणारं माणूस जिथे आहे, ते माझं घर. आणि मी तिथून इतकी लांब आले आहे की मला धावत जाता येत नाही.

काकूंचा फोन ठेवल्यावर पाहिलं तर झाडाखालचा फोन अजून चालूच होता. तो कापायला हात होईना. आमच्या मोहाखाली उजाडत होतं, फुलं पडत होती आणि वेचायला कुणी नव्हतं. मी हळूच हाक घातली, "हूऽऽ". ओ येणार नाही हे माहीत होतं. तरी आईच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत मी तो कानाला लावून उभी होते.